शेततळ्यातलं हिरवं पाणी आणि उजेडासाठीची मारामारी : एका तळ्याचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नगर-नाशिक पट्ट्यातल्या एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याच्या शेततळ्याचं आहे. नाव, गाव देत नाही, मी त्यांना भाऊ म्हणते म्हणून इथेही भाऊच लिहिते. मी तालुक्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवते, शेवाळ हा माझा विषय, आणि भाऊंची पुतणी माझ्या वर्गात होती म्हणून हे सगळं माझ्यापर्यंत आलं.

तळं वर ३४ बाय ३४ मीटर, खोल पावणेपाच मीटर, बाजू उतरत्या, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. पावसाळ्यात आणि त्यानंतर विहिरीतून भरून घ्यायचं, आणि फेब्रुवारीपासून ठिबकने डाळिंबाला द्यायचं. पाणी तसंही महिनोनमहिने उभंच असतं म्हणून भाऊंनी त्यात हजारभर बोटुकली सोडलेली, कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). कोणीतरी सांगितलं की पाणी हिरवं झालं की मासा वाढतो, म्हणून दर पंधरवड्याला कोंबडी खताच्या गोण्या आणि रोज भाताचा कोंडा आणि पेंड. सांगणाऱ्याचं चुकीचं नव्हतं, हिरवं पाणी माशाला लागतंच. पण हिरवं म्हणजे कुठलं हिरवं हे कोणी विचारलं नव्हतं.

आदल्या वर्षी मार्चमध्ये तळ्यावर दाट हिरवा थर आला, भाऊंनी दुकानातून मोरचूद (कॉपर सल्फेट) आणून अंदाजाने टाकला. दुसऱ्या दिवशी पाणी निवळल्यासारखं वाटलं, घरात सगळे खुश, आणि तिसऱ्या पहाटे मासे उलटे तरंगत होते. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, एवढी साधी गोष्ट, पण त्यांना ती तेव्हा कोणी सांगितली नाही. पुढच्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत थर दिसायला लागला तेव्हा त्यांनी मोरचूदाची पिशवी आणलेली होती, पण टाकायच्या आधी पुतणीने फोन केला, मॅडम एकदा येऊन बघता का म्हणून.

अडचण

मी गेले तेव्हा सकाळचे साडेसात असतील. वारा अजिबात नाही, आणि पाण्यावर तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा हिरवा थर, पूर्वेच्या कोपऱ्यात तर रंगाचा डबा सांडल्यासारखा दाट. काठावरच्या कागदावर जिथे थर वाळला होता तिथे फिकट निळे डाग पडलेले. ते डाग बघितले आणि मला निम्मं उत्तर मिळालं, ते पुढे सांगते.

भाऊंच्या तक्रारी तीन होत्या. एक, ठिबकचा फिल्टर दिवसातून दोनदा धुवावा लागतोय, आणि तरी लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या नळ्यांचे, ड्रिपर बुजतायत. दोन, पहाटे चार ते सात मासे तोंड वर काढून हवा घेतात. तीन, वास, म्हणजे कुजलेल्या गवतासारखा एक जड वास जो घरापर्यंत येतो. चौथी गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नाही, बोलता बोलता निघाली, की शेळ्या त्याच पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी पितात. ते मी त्याच क्षणी बंद करायला लावलं. या थरात असू शकणारं विष लिव्हरवर जातं आणि पाणी उकळलं तरी ते मोडत नाही. भाऊंच्या आईंना हे पटवायला थोडा वेळ गेला, त्या म्हणाल्या इतकी वर्षं जनावरं तळ्याचंच पितात, पण शेवटी त्यांनीच काटेरी फांद्या टाकून तो कोपरा बंद केला.

आधी तपासलं काय

महागडं काहीच नव्हतं. पत्र्याच्या डब्याचं झाकण घेतलं, चार भाग करून दोन काळे दोन पांढरे रंगवले, मधे दोरी बांधली आणि पाण्यात सोडलं. झाकण दिसेनासं झालं १८ सेंटीमीटरवर. साधारण हिशोब असा की झाकण दिसतं त्या खोलीच्या दोन-अडीच पट खाली गेलं की झाडाला जगण्यापुरताही उजेड उरत नाही, म्हणजे या तळ्यात ४५ सेंटीमीटरच्या खाली जवळजवळ अंधार. तळ्यात तेव्हा चार मीटर पाणी होतं. हा एक आकडा मी भाऊंना परत परत सांगितला, कारण पुढचा सगळा निर्णय याच्यावरच उभा राहिला.

दुसरी तपासणी मायक्रोस्कोपखाली. मुख्यतः मायक्रोसिस्टिस, निळंहिरवं शेवाळ, बारीक गोल पेशींचे चिकट पुंजके. सोबत थोडं सीनेडेस्मस आणि क्लोरेलासारखं खरं हिरवं शेवाळ, आणि डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं शेवाळ, अगदी तुरळक.

तिसरी तपासणी मी भाऊंसाठी केली, कारण मायक्रोस्कोपमधलं बघून त्यांचा विश्वास बसेल असं वाटत नव्हतं. सोड्याची जाड काचेची बाटली त्या पाण्याने काठोकाठ भरली, हवेचा एकही बुडबुडा नको, वर बूच घट्ट बसवलं, बाटली गोणपाटात गुंडाळली आणि बुचावर हातोडीचा एक जोरात ठोका दिला. हा प्रयोग क्लेबान नावाच्या जर्मन माणसाने १८९५ मध्ये केलेला आहे. ठोक्याच्या आधी त्या बाटलीतलं शेवाळ वर येऊन तरंगत होतं, ठोक्यानंतर पाण्याचा दुधाळ हिरवा रंग एकदम गडद झाला आणि अर्ध्या तासात सगळं खाली बसायला लागलं. कारण या पेशींमध्ये प्रोटीनच्या बारीक पोकळ नळ्या असतात, त्यात हवा, आणि दाबाने त्या चुरगळतात. भाऊ बराच वेळ बाटलीकडे बघत बसले, मग म्हणाले, म्हणजे याला पोहता येत नाही, याने ट्यूब बांधलीय. मी वर्गात वीस वर्षं हे शिकवतेय आणि इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

उजेड कोण कसा खातं

इथे थोडं थांबते, कारण हे कळलं नाही तर पुढचे पर्याय नुसते जुगार वाटतील.

तळ्यात खत भरपूर, नायट्रोजन भरपूर, फॉस्फरस भरपूर. मग शेवाळाला कमी काय पडतंय? उजेड. जेवण सगळ्यांच्या ताटात आहे, पण खिडकी एकच आहे, आणि भांडण खिडकीपाशी कोण बसतं याचं. ज्या तळ्यात खत कमी असतं तिथे भांडण वेगळं असतं, तिथे खतावरून चालतं.

आता सूर्याचा उजेड पांढरा दिसला तरी त्यात सगळे रंग, आणि प्रत्येक जातीचं शेवाळ त्यातले वेगवेगळे रंग खातं. क्लोरोफिल ए हे रंगद्रव्य सगळ्यांकडेच असतं, ते निळा उजेड ४४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास आणि लाल ६७५ च्या आसपास घेतं. खऱ्या हिरव्या शेवाळाकडे जोडीला क्लोरोफिल बी, म्हणजे निळ्यात आणि लालमध्ये थोडी आणखी जागा. डायटमकडे फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य, त्यामुळे ते सोनेरी तपकिरी दिसतात आणि निळ्याच्या पुढचा हिरवट उजेडही पकडतात जो बाकीचे सोडून देतात. आणि निळ्याहिरव्याकडे फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य, जे ६२० च्या आसपासचा नारिंगी उजेड घेतं. काठावरचे निळे डाग म्हणजे हेच, पेशी मेल्या, फुटल्या, हिरवं क्लोरोफिल उन्हाने उडालं आणि पाण्यात विरघळणारं निळं फायकोसायनिन कागदावर उरलं. म्हणून म्हणलं की डाग बघूनच निम्मं उत्तर मिळालं.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पाणी स्वतःसुद्धा उजेड खातं, आणि तेही निवडून. अगदी स्वच्छ पाणी एका मीटरमध्ये नारिंगी-लाल उजेडाचा साधारण चौथा हिस्सा गिळतं आणि निळ्याला जवळजवळ हातही लावत नाही, म्हणून खोल स्वच्छ पाणी निळं दिसतं. पण ज्या पाण्यात खत, पाला, पेंड कुजून पिवळसर चहासारखा अर्क उतरलाय तिथे उलटं होतं, निळा उजेड पहिल्यांदा संपतो. भाऊंचं पाणी गाळून काचेच्या ग्लासात धरलं तर तसंच पिवळसर होतं. म्हणजे कोंबडी खताने शेवाळाला नुसतं खायला घातलं नाही, पाण्यात शिरणाऱ्या उजेडाचा रंगच बदलला, आणि निळा कमी नारिंगी जास्त अशा उजेडात फायकोसायनिनवाल्याची चांदी. रंगांची ही वाटणी खोल तलावात आणखी टोकाला जाते, स्वित्झर्लंडच्या झुरिक तलावात प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स नावाचं लालसर शेवाळ उन्हाळ्यात वर न येता कित्येक मीटर खाली मंद हिरव्या उजेडात जगतं, कारण त्याच्याकडे हिरवा उजेड पकडणारं लाल फायकोएरिथ्रिन आहे.

पण भाऊंच्या तळ्यात रंग हा दुय्यम मुद्दा होता. मुख्य मुद्दा जागा. मायक्रोसिस्टिस दिवसा उन्हात साखर बनवतं, ती साखर वजनदार, त्याने ते थोडं खाली जातं, रात्री ती साखर वापरून संपली की हलकं होऊन पहाटेपर्यंत परत वर. वारा नसला, पाणी उन्हाने वरवर तापून थर धरून बसलेलं असलं, की ते सकाळी सगळ्यांच्या डोक्यावर चटई अंथरून बसतं. खालच्या हिरव्याला उजेडच पोचत नाही. आणि डायटमचं तर अंगच काचेचं, सिलिकाचं, ते स्थिर पाण्यात बुडतात आणि अंधारात जाऊन मरतात.

आता हीच लढाई हलत्या पाण्यात लावली तर? आम्स्टरडॅम विद्यापीठात येफ हाउसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात काचेच्या भांड्यांत हे केलं. पाणी सतत ढवळत ठेवायचं, खत भरपूर, उजेड एका बाजूने. नियम असा निघतो की जी जात सगळ्यात कमी उजेडावर तग धरते ती स्वतः वाढून भांड्यातला उजेड इतका खाली आणते की बाकीच्यांना तो पुरतच नाही. जिंकलं क्लोरेला, ते एवढंसं हिरवं, आणि हरलेल्यांत मायक्रोसिस्टिसही होतं. म्हणजे मायक्रोसिस्टिस मंद उजेडात जगण्यात पहिलवान नाही, ते जिंकतं ट्यूबवर, आणि ट्यूब काढून घ्यायची तर पाणी हललं पाहिजे.

पर्याय काय काय होते

मोरचूद आधी बाद केला, आदल्या वर्षीचा अनुभव होताच, आणि शिवाय पेशी एकदम फुटल्या की आतलं विष पाण्यात सुटतं. वर थर असेपर्यंत ते बरंचसं पेशीतच असतं.

पाणी बदलणं, म्हणजे मार्चमध्ये? विहीर दिवसाला तासभर चालत होती. विषय संपला.

शेडनेट टाकून अर्धं तळं झाकायचं असं भाऊंच्या मेहुण्याने सुचवलं. यावर मी बराच विचार केला कारण ऐकायला बरोबर वाटतं, उजेड कमी तर शेवाळ कमी. पण उजेड सगळ्यांचाच कमी होतो, रांगेतले नंबर तेच राहतात, वर बसलेलं वरच. आणि दिवसा पाण्यात ऑक्सिजन शेवाळच बनवतं, तो कमी झाला तर मासे आणखी अडचणीत. पाण्यात रंग टाकायचा उपाय कोणीतरी मोबाईलवर बघितला होता, त्यालाही माझं हेच उत्तर.

आणखी एक सूचना, चंदेरा मासा (सिल्व्हर कार्प) सोडायचा, तो शेवाळ खातो. खातो हे खरं, पण मायक्रोसिस्टिसचे चिकट पुंजके बऱ्याचदा त्याच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडतात, आणि या हंगामात सोडलेलं बोटुकलं कधी मोठं होणार.

खत आणि पेंड बंद करणं, हे तर करायचंच होतं, त्यावर वाद नव्हता. फक्त तळाशी साठलेल्या गाळातून महिनोनमहिने खत सुटत राहतं, त्यामुळे या हंगामात त्याचा फरक दिसेल अशी मला आशा नव्हती.

राहिलं ढवळणं. आणि इथे माझ्यासमोर एक मोठं उदाहरण होतं. आम्स्टरडॅमच्या कडेला निउवे मेर नावाचा तलाव आहे, सरासरी खोली १८ मीटर, सगळ्यात खोल ३० च्या आसपास, आणि खताने तुडुंब. तिथे दर उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिसचा थर यायचा. १९९३ मध्ये तळाशी भोकं पाडलेले पाईप टाकून कंप्रेसरने हवा सोडायला सुरुवात केली, पेट्रा व्हिसर आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, आणि मायक्रोसिस्टिस मागे पडून हिरवं शेवाळ आणि डायटम पुढे आले. पाण्यातलं खत तेवढंच होतं, फक्त खिडकीपाशी बसायची सोय गेली.

पण तिथे १८ मीटर, इथे ४. खोल तलावात ढवळलं की पेशी खरंच अंधारात जाते, उथळ तळ्यात ढवळलं तरी ती उजेडातच फिरत राहते, मग उपयोग काय, ही माझीच शंका. मग झाकणाचा आकडा आठवला. उजेड फक्त वरच्या ४५ सेंटीमीटरमध्ये. तळ्याच्या बाजू उतरत्या आहेत म्हणून वर पाणी जास्त आणि खाली कमी, तो हिशोब धरला तरी उजेडातलं पाणी एकूण पाण्याच्या सातव्या हिस्स्याइतकंच भरत होतं. म्हणजे नीट ढवळलं तर प्रत्येक पेशी दिवसातला बहुतेक वेळ अंधारात. पाणी इतकं गढूळ होतं म्हणूनच चार मीटरचं तळं उजेडाच्या हिशोबाने खोल होतं. हे कागदावर मांडलं तेव्हा मी भाऊंना म्हणलं, करून बघू.

काय केलं, आणि कुठे चुकलो

दुकानदाराने पॅडलव्हील एरेटर सुचवला, त्याने पहाटेचा ऑक्सिजनचा प्रश्न सुटला असता पण तो वरचंच पाणी उडवतो, तळापर्यंत फिरवत नाही. ब्लोअर बघितला, तो चार मीटर खाली हवा ढकलू शकत नव्हता, तेवढा दाब त्याच्यात नाही. शेवटी एक जुना कंप्रेसर मिळाला जो तासन्‌तास चालू शकतो, आणि एचडीपीई पाईपला बारीक भोकं पाडून तो तळाशी आडवा टाकला. वजनाला विटा, पण प्रत्येक वीट गोणपाटात शिवून, नाहीतर कागद फाटला असता. ते शिवायचं काम आईंनी आणि वहिनींनी एका दुपारी केलं.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला चालू केलं आणि थेट सहा तास ठेवलं. ही माझी चूक, आणि ती मला आधी कळायला हवी होती. तळ्याचा तळ महिनोनमहिने वरच्या पाण्यापासून तुटलेला होता, तिथे ऑक्सिजन नव्हता, गाळ सडत होता. अकरा वाजेपर्यंत बुडबुड्यांच्या रेषेवर काळपट पाणी वर यायला लागलं आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. मला वाटलं थोड्या वेळात निघून जाईल. दुपारी तीनला मासे काठाला लागले, भर उन्हात, जेव्हा पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात जास्त असायला पाहिजे. कंप्रेसर बंद केला, विहिरीचं जे काय तासाभराचं पाणी होतं ते वरून फवाऱ्यासारखं सोडलं. तरी दुसऱ्या दिवशी साठेक मासे गेले, आणि त्यात कटले जास्त, मोठे. भाऊ मला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी परत येताना मला फार वाईट वाटत होतं, अजूनही ते मोजलेले मासे आठवतात.

पुढचे दोन दिवस आम्ही काहीच केलं नाही. मग ठरवायचं होतं की हा उपाय सोडायचा का. भाऊंचं म्हणणं असं होतं की तळातली घाण तर आता आहे हे कळलं, ती तशीच ठेवली तर एखाद्या वळवाच्या वाऱ्यात एका रात्रीत स्वतःच वर येईल, मग आपण हळूहळू काढलेली बरी. हा निर्णय त्यांचा, आणि तो बरोबर होता.

दुसऱ्या वेळी पाईप तळापासून अर्धा मीटर वर उचलला, दोन्ही टोकांना बूच मारलेले रिकामे कॅन बांधून, म्हणजे गाळ कमी उचलला जाईल. आणि वेळ साडेअकराची, कारण तोपर्यंत वरच्या पाण्यात शेवाळाने ऑक्सिजन भरलेला असतो. पहिल्या दिवशी २० मिनिटं, दुसऱ्या दिवशी तेवढंच, मग ४० मिनिटं, मग एक तास, असं करत नऊ दिवसांनी सहा तासांवर नेलं. वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी झाला. मासे काठाला लागले नाहीत.

मग प्रश्न आला वेळेचा. माशांच्या दृष्टीने हवा पहाटे हवी, शेवाळाच्या भांडणाच्या दृष्टीने ढवळणं दिवसा हवं, कारण उजेडच दिवसा असतो, रात्री ढवळून कोणाची खिडकी काढून घेणार? आणि थ्री-फेज लाईट तर आपल्या हातात नाही, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आम्ही जी मिळेल ती लाईट घ्यायची असं ठरवलं.

पुढे काय झालं

दिवसाच्या लाईटचा पहिला पूर्ण आठवडा संपला तेव्हा सकाळचा थर गेलेला होता. पाणी हिरवंच होतं, पण सगळीकडे सारखं हिरवं, साय नाही. झाकण २६ सेंटीमीटरपर्यंत दिसायला लागलं. मायक्रोस्कोपखाली सीनेडेस्मस आणि बारीक गोल हिरव्या पेशी कितीतरी वाढलेल्या, आणि डायटम, ज्यांची मी वाटच बघत होते, ते सुईसारखे लांबट निट्झशिया प्रत्येक थेंबात दिसत होते. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरीच्या पाण्यात सिलिका असतेच, त्यांना फक्त बुडू न देणारं पाणी हवं होतं. फिल्टर दिवसातून दोनदाच्या ऐवजी दोन दिवसांतून एकदा धुवायला लागला, भाऊंच्या घरच्यांसाठी खरा निकाल हाच. आणि पहाटेचं तोंड काढणं जवळजवळ थांबलं.

मग रात्रीच्या लाईटचा आठवडा आला, त्यात वारा पडलेला आणि ऊन ३९-४० अंश. चौथ्या दिवशी पूर्वेच्या कोपऱ्यात साय परत. मायक्रोसिस्टिस गेलेलं नव्हतंच, पुंजके पाण्यात फिरत होते आणि त्यांनी चार शांत दिवसांत जागा परत घेतली. निउवे मेरमध्येही हेच झालं होतं, २००३ च्या युरोपातल्या कडक उन्हाळ्यात तिथे हवा थांबून थांबून सोडत होते आणि तेवढं ढवळणं पुरलं नाही, मायक्रोसिस्टिस वर आलं. पाणी तापलं की थर घट्ट बसतो, आणि हे शेवाळ गरम पाण्यात वाढतंही जोरात. मी हे वाचलेलं होतं, पण रात्रीच्या आठवड्यात तेच आपल्याकडे होईल हे जोडून बघितलं नव्हतं.

भाऊंनी मग शेजाऱ्याच्या जनरेटरवर दुपारी दोन तास चालवलं, डिझेल परवडत नव्हतं तरी पाच दिवस केलं. थर पातळ झाला, पूर्ण गेला नाही.

मे उजाडला आणि पाणी दोन मीटरवर आलं. आता ४५ सेंटीमीटरचाच हिशोब धरला तरी उजेडातलं पाणी एकूण पाण्याच्या चौथ्या हिस्स्याइतकं झालं, आणि पाणी जरा निवळलेलं असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणजे ढवळूनही पेशी आधीइतकी अंधारात जात नव्हती. शिवाय पाईप गाळाच्या जवळ आला. १२ मेला आम्ही ढवळणं थांबवलं आणि भाऊंनी मासे काढायचं ठरवलं, ठरल्यापेक्षा महिनाभर आधी. सरासरी वजन पाऊण किलोच्या आसपास भरलं, भाऊंची अपेक्षा किलोची होती. आदल्या वर्षी हातात काहीच आलं नव्हतं. कंप्रेसर, पाईप आणि डिझेल धरता त्या वर्षी पैसे सुटले, नफा फार नाही.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी तळाचं पाणी बाटलीने वर काढून नुसतं हुंगायचं. दोरीला बाटली, बुचाला दुसरी दोरी, खाली गेल्यावर बूच ओढायचं, पाच रुपयांचं काम नाही. ते केलं असतं तर साठ मासे वाचले असते.

दुसरं, सुरुवात मार्चमध्ये नको, जानेवारीच्या शेवटीच. थर बसल्यावर मोडणं आणि बसूच न देणं यात फार फरक आहे, आणि तेव्हा तळातलं पाणीही इतकं सडलेलं नसतं.

खताचं मी भाऊंना झाकणावरून ठरवायला सांगितलंय. झाकण ३० सेंटीमीटरच्या आत दिसेनासं झालं की खताची गोणी उघडायची नाही, पंधरवडा झाला असला तरी. ४० च्या पुढे दिसायला लागलं तर थोडं टाकायचं. आणि पेंड पाण्यात भिरकावण्यापेक्षा भोकाच्या पिशवीत टांगायची, जेवढी मासे खातील तेवढीच जाईल.

रात्रीच्या लाईटचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. सोलरवर कंप्रेसर हा सरळ विचार आहे, कारण ऊन असतं तेव्हाच ढवळायचंय, सोलरला बॅटरीसुद्धा लागणार नाही. खर्चाचं गणित भाऊ करतायत, तीन तळेवाल्यांनी मिळून घ्यायचं असं चाललंय.

आणि पाण्याच्या पातळीचा एक नियम त्यांनी स्वतःच केलाय जो मला सुचला नव्हता. तळ्याच्या कागदावर आतून अडीच मीटरला ऑइलपेंटने लाल रेघ मारलीय. पाणी रेघेला टेकलं की मासे काढायचे, मग बाजारभाव काही असो, कारण त्याच्या खाली तळं उजेडाच्या हिशोबाने उथळ होतं. मी मागच्या आठवड्यात गेले तेव्हा त्याच्या पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी चालू होता, कंप्रेसर अकरा वाजता सुरू झाला, झाकण ३४ वर दिसत होतं, आणि बाटलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यात वर तरंगणारं हिरवं अगदी नखाएवढं होतं.